अर्धा कोयता

गेल्या सेमिस्टरला मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचला एक साधा लोखंडी दांडा मोजायला दिला होता. व्हर्नियरवर एक माप आलं, मायक्रोमीटरवर दुसरं, आणि माझ्या रूम पार्टनरनं मोजलं तेव्हा तिसरंच. सर म्हणाले, "आधी इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट सांगा, मग माप सांगा." व्हर्नियरचा ०.०२ मि.मी., मायक्रोमीटरचा ०.०१ मि.मी. म्हणजे साधनाला जेवढं बारीक दिसतं तेवढंच ते सांगणार. त्याहून बारीक जे असेल ते त्या साधनापुरतं नाहीच. आम्ही हे जर्नलमध्ये उतरवलं, सही घेतली आणि मेसला पळालो, कारण त्या दिवशी अंडाकरी होती.

त्याच आठवड्यात स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय : शेतमजूर. वार्षिक उत्पन्न : तहसीलच्या दाखल्यावर जे आहे ते. आईचा व्यवसाय : गृहिणी. फर्स्ट इयरपासून मी हेच लिहीत आलोय. पण या वेळी ते लिहून झाल्यावर सबमिट दाबायच्या आत मायचा फोन आला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. म्हणाली, "बाळा, जेवलास का? आमची गाडी भरायली, ठिवते." रात्रीचे साडेआठ वाजले होते. पहाटे चारला फडात उतरलेली बाई रात्री साडेआठला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होती, आणि इकडं तिचा पोरगा कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून तिला 'गृहिणी' लिहीत होता. लिहिताना हात थांबला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

हा लेख त्या रकान्यावरून सुचला. आमच्या बीड जिल्ह्यात राहून मोजमापावर लिहायचं म्हटलं तर दुसरीकडून सुरुवात करताच येत नाही.

आपल्या हॉस्टेलवर पुण्या-नाशकाकडचे, विदर्भातले बरेच मित्र आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, नगर, कर्नाटक. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग हंगामभर तोडून ती फेडायची. पट्टा पडला की परत. तोपर्यंत गावात म्हातारी माणसं, कुलुपं आणि कुत्री. या सगळ्या कारभारात माणूस मोजायचं एक एकक आहे, त्याला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, "औंदा किती कोयते हायेत?" वीस म्हटलं की चाळीस माणसं समजायची. एकटा गडी असेल किंवा एकटी बाई असेल तर तो 'अर्धा कोयता'. उचल जोडीची, करार जोडीचा, हिशोब जोडीचा, आणि अंगठा किंवा सही मात्र एकट्या गड्याची.

सिस्टीम इंटरनॅशनलमध्ये सात मूळ एककं आहेत, ती आपण फर्स्ट इयरला पाठ केली. कोयता हे आठवं. ते कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्याकडं ते मीटर-किलोग्रॅमपेक्षा जास्त चालतं. या एककात माझी माय कधीच एक नव्हती. ती कायम ०.५ होती.

आता मोजणंच वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. इंजिनिअरिंगला आलोय, असं म्हणून कसं चालेल? आमच्या भागात न मोजण्यानं जेवढं नुकसान झालंय तेवढं मोजण्यानं झालेलं नाही. टनाचा दर घ्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो २७३ रुपयांवरून टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. ती वाढ संप करून, बैठका घेऊन, आकडे टेबलावर मांडून मिळाली. 'कष्टाचं मोल होत नाही' असं भाषण करून मिळालेली नाही. काट्यावर वजन बरोबर दाखवलं पाहिजे, खाडे बरोबर लिहिले पाहिजेत, उचलीतून किती फिटले याची चिठ्ठी हातात पाहिजे. हे सगळं मोजणंच आहे आणि ते अजून पुरेसं होत नाही.

पण कशासाठी किती बारीक मोजतात हे एकदा बघा. उसाचा भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्र सरकारनं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी धरली होती, आणि त्याच्या वर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जादा. उसाच्या पोटातली साखर आपण दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतो. तो ऊस तोडणारी बाई मात्र अर्ध्याच्या पुढं मोजलीच जात नाही. साधन तेच, लीस्ट काउंट वेगळा.

दुष्काळाचंही तसंच. बाहेरच्या मित्रांना हे ऐकून गंमत वाटेल, पण आमच्याकडं दुष्काळ पैशात मोजतात. पैसेवारी म्हणतात त्याला, जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. चांगल्या वर्षीचं पीक एक रुपया धरायचं आणि यंदाचं त्यातलं किती पैसे आलं ते काढायचं. ५० पैशांच्या आत आलं तर दुष्काळी परिस्थिती, त्याच्यावर गेलं तर नाही. आपल्या लॅबमधला गो-नो-गो गेज आठवा, आत गेला तर पास, अडकला तर रिजेक्ट. ४९ पैशांचं गाव आणि ५१ पैशांचं गाव यांच्यात कधीकधी फक्त एक ओढा असतो. एका गावात परीक्षा फी माफ आणि दुसऱ्यात नाही. आता त्यात पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाची चित्रं असले निर्देशांकही आलेत, ते चांगलंच झालं. तरी कुठंतरी रेघ मारावीच लागते, आणि सरकारला गेज लागणारच, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच, की गेजमध्ये दांडा अडकला म्हणजे दांड्याबद्दल सगळं कळलं असं कुणी समजू नये.

आता ज्या गोष्टीवरून हा लेख खरा लिहायला घेतला, तिच्याकडं येतो. ती लिहावी की नाही यावर मी बरेच दिवस अडून होतो, कारण कॉलेजच्या मासिकात असलं कुणी लिहीत नाही. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आरोग्य खात्यानं पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. आमच्या गावच्या बायकांना यात नवल काहीच नव्हतं. नवल त्यांना याचं वाटलं, की कुणीतरी मोजायला आलं.

कारणं अनेक सांगितली गेली. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, संडास नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि डॉक्टरनं 'पिशवी काढून टाका' म्हटलं की कॅन्सरच्या भीतीनं हो म्हणायचं. पण त्यात एक कारण असं आहे की ते आपल्या विषयाचं आहे. खाडा. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा पडतो, आणि बऱ्याच ठिकाणी खाड्याला पाचशे-हजार दंड कापतात. दर महिन्याला दोन-तीन दिवस बाई उठूच शकली नाही, तर हंगामात किती खाडे पडतील, किती पैसे जातील? हा हिशोब तिसरीतल्या पोराला येईल. तराजूच्या एका पारड्यात खाड्याचे रुपये ठेवले आणि दुसऱ्या पारड्यात बाईच्या शरीराचा एक अवयव. गणित बरोबर सुटलं. पैसे वाचले.

मित्रहो, आपण फर्स्ट इयरला डायमेन्शनल अ‍ॅनालिसिस शिकतो. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच डायमेन्शन पाहिजे. तीन मीटर अधिक दोन किलो बरोबर पाच, असं कुणी पेपरात लिहिलं तर सर लाल पेनानं गोल करतात आणि शून्य देतात. इथं हजारो घरांतून तेच समीकरण मांडलं गेलं आणि कुणी लाल गोल केला नाही. ज्या गोष्टी एका तराजूत बसतच नाहीत त्या बसवल्या. बायकांनी आपण होऊन बसवल्या नाहीत. ज्याच्या हातात उचलीची वही असते, तराजू त्याचा असतो.

आता थोडं घरचं सांगतो.

मला एक मोठी बहीण आहे, तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघंही झेडपीच्या शाळेत होतो. ती अकरा वर्षांची, सहावीत गेलेली, तेव्हा घरात ठरलं की पोरगा आजीपाशी गावात राहील आणि पोरगी फडावर येईल. कुणीतरी कोपीवर थांबून भाकरी करायला पाहिजे होती, धाकट्याला सांभाळायला पाहिजे होतं आणि दुपारून वाढे बांधायला पाहिजे होते. पोरगं लहान होतं आणि पोरगं होतं, दोन्ही कारणं झाली. ताई पाच हंगाम गेली. कोयत्यात ती धरली जात नव्हती, अर्धा पण नाही. मी इकडं शिकत गेलो. दहावी झाली, बारावी झाली, सीईटी झाली, इथं आलो. पाचव्या हंगामानंतर ताईचं लग्न झालं. तेव्हा तिचं वय किती होतं ते इथं लिहीत नाही, लिहिलं तर तो वेगळा लेख होईल. आता ती स्वतः नवऱ्यासोबत एक कोयता आहे.

सेकंड इयरला एका रात्री मी एक्सेलमध्ये ताईचा हिशोब मांडला. तुम्ही हसाल, पण मला खरंच वाटत होतं की आकडा काढला तर नोकरी लागल्यावर तेवढं फेडून टाकता येईल. दिवसाला अर्धा टन तिच्या कष्टाचा धरला. हंगामाचे दीडशे दिवस. पाच हंगाम. झाले ३७५ टन. दर मधे बदलला होता, म्हणून सोपं जावं म्हणून सरासरी २०० रुपये धरला. एंटर दाबलं. ७५,०००.

मी दोनदा फॉर्म्युला तपासला. फॉर्म्युला बरोबर होता. पंच्याहत्तर हजार. माझं एका वर्षाचं मेस, रूम आणि फीचा माझ्या वाट्याचा भाग एवढ्यात संपतो. नोकरी लागली तर सहा महिन्यांत फिटेल. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. उलट इतका घाबरलो की फाईल सेव्ह न करताच बंद केली. ताईची पाच वर्षं आणि एक चांगला लॅपटॉप यांत फारसा फरक नाही, असं माझ्याच शीटनं मला सांगितलं होतं.

नंतर बरेच दिवस विचार केला, की चुकलं कुठं? दर कमी धरला म्हणून? धरा ३६६. तरी सव्वा-दीड लाखाच्या आत. व्याज लावा, अजून थोडं वाढेल. आकडा कितीही वाढवला तरी चूक तशीच राहत होती. मग लक्षात आलं, मी टनात मोजत होतो. टनात तिचं गाठोडं मोजता येतं. तिची सहावी टनात कशी येईल? मी शाळेत बाकावर बसलेलो असताना ती फडात होती, आणि मी बाकावर बसू शकलो म्हणूनच ती फडात होती. या 'म्हणून'चं वजन कुठल्या काट्यावर करायचं?

इथं मला नववीचं गणित आठवलं. त्यात एक शब्द होता, तेव्हा फक्त परीक्षेपुरता पाठ केलेला : अपरिमेय. एक मीटर बाजूचा चौरस काढा आणि त्याचा कर्ण मोजा. बाजू आणि कर्ण दोन्ही ज्यानं पूर्ण भागले जातील असं माप शोधा. सेंटिमीटर घ्या, मिलिमीटर घ्या, मायक्रॉन घ्या, त्याहून लहान घ्या. सापडणार नाही. कुणाला सापडलं नाही असं नव्हे, ते असूच शकत नाही हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडं शुल्बसूत्रं रचणाऱ्यांना यज्ञाची वेदी बांधताना हा कर्ण लागायचा. त्यांनी बाजूत तिचा तिसरा भाग मिळवायचा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवायचा आणि त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करायचा, असा नियम दिला. हिशोब केला तर ५७७ भागिले ४०८ येतात, म्हणजे १.४१४२१५७. खरी किंमत १.४१४२१३६. पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर! कॅल्क्युलेटर नसताना. वेदी बांधायला एवढं माप पुरून उरलं. पण कर्ण त्या अपूर्णांकाएवढा झाला नाही, थोडं काहीतरी राहिलंच.

यातनं मी दोन गोष्टी शिकलो. पहिली अशी, की अपरिमेय म्हणजे अस्पष्ट नव्हे, लहान नव्हे, काल्पनिक तर नाहीच नाही. कर्ण समोर काढलेला आहे, बोट ठेवून दाखवता येतो, आणि तो बाजूपेक्षा मोठा आहे. फक्त बाजूच्या भाषेत तो पुरता सांगता येत नाही. दुसरी अशी, की पुरता सांगता येत नाही म्हणून त्या लोकांनी हात झटकले नाहीत. जेवढं जवळ जाता येईल तेवढं गेले आणि वेदी बांधली.

ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडं हात झटकायची एक फार गोड रीत आहे. आपल्या गॅदरिंगला, आणि रागावू नका पण याच अंकातसुद्धा, आईवर तीन-चार कविता तरी असतीलच. आईचं प्रेम मोजता येत नाही, तिचे कष्ट अमूल्य आहेत. टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. पण मराठीत 'अमूल्य' या शब्दाची मोठी गंमत आहे. ज्याचं मोल करता येणार नाही एवढं मोठं, हा एक अर्थ. आणि वापरात येतो तो दुसरा : ज्याचं मोल द्यावं लागत नाही. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आपण मोलकरीण म्हणतो, तिला पगार असतो, सुट्टी असते. घरातली बाई अमूल्य, तिला काहीच नसतं. मोजता येत नाही असं म्हणत म्हणत आपण रकान्यात शून्य लिहितो. मी गृहिणी लिहिलं तेव्हा नेमकं हेच केलं होतं. आणि जी खरोखर फक्त घरातलं करते तिच्या कामाचा तरी शून्य का?

कोर्टांना हा प्रश्न फार आधी पडलाय, कारण त्यांना शेवटी आकडा लिहावाच लागतो. अपघातात बाई गेली, ती कमावत नव्हती, मग भरपाई किती? मोटार वाहन कायद्याच्या एका परिशिष्टात अशा जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरायची सोय होती. म्हणजे आमचा मुकादम तरी निम्मी धरतो! जमशेदपूरच्या एका मोठ्या आगीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये गृहिणीच्या कामाचे महिना ३,००० रुपये धरले. २०१० च्या एका निकालात कोर्टानं त्या एक तृतीयांशाच्या हिशोबावर टीका केली, आणि जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या गटात टाकल्याबद्दलही सुनावलं. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा एका अपघाताच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं, की घरकाम करणाऱ्या बाईचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे. त्या रकमेनं कुणाची आई परत येणार नव्हती, हे न्यायाधीशांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी त्यांनी आकडा लिहिला. कारण आकडा न लिहिण्याचा अर्थ व्यवहारात शून्य होतो. वेदीवाल्यांनी ५७७ भागिले ४०८ लिहिलं तसंच हे.

म्हणून माझं मत असं झालंय. जे मोजता येतं ते नीट, बारीक आणि मोजलं जाणाऱ्याच्या देखत मोजा. जे एका मापात बसत नाही त्याच्यापुढं शून्य लिहू नका, आणि त्याला दुसऱ्या कशाच्या तराजूतही टाकू नका. आणि आकडा लिहावाच लागला तर लिहा, पण थोडं राहिलंय हे विसरू नका.

अंबाजोगाईला मागच्या वर्षी आम्ही काही मित्र गेलो होतो. मुकुंदराजांची समाधी, योगेश्वरीचं देऊळ हे सगळ्यांना माहीत असतं. तिथंच दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट ऐकली. दासोपंत १५५१ ते १६१५ मधले. त्यांनी पंचीकरण हा तत्त्वज्ञानाचा विषय एका कापडावर लिहून काढला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. आमच्यातल्या एकानं लगेच मोबाईलवर गुणाकार केला, "एकशे साठ स्क्वेअर फूट रे, आपली रूमपण एवढी नाही." आम्ही सगळे हसलो. तो चुकीचं काही बोलला नव्हता. पासोडीचं क्षेत्रफळ एकशे साठ चौरस फूटच आहे. एवढ्या कापडाचा भाव बाजारात काढता येईल आणि तो भावही खोटा नसेल. फक्त पासोडी कशाला जपून ठेवली, ते त्या भावात नाही.

आपल्या हॉस्टेलवर पण हेच चालतं. सीजीपीए विचारल्याशिवाय आपण माणसाशी नीट बोलत नाही. कॅम्पसला सहाच्या खाली चालत नाही, साडेसहाच्या खाली चालत नाही. ठीक आहे, कंपनीला गेज लागतो. पण रूमवर आपल्याला कशाला लागतो? माझ्या ओळखीचा एकजण आहे, दोन विषय राहिलेत त्याचे. दिवाळीनंतर आई-बाप गाडीत बसेपर्यंत तो गावाकडं थांबतो, धाकट्या भावंडांना हंगामी वसतिगृहात सोडतो, म्हाताऱ्या आजीचं औषध भरून ठेवतो, मग परत येतो. तोपर्यंत हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेलेली असते. सर-मॅडमना माझी विनंती आहे, आणि ती हजेरी माफ करा अशी नाही. नियम नियम आहे. फक्त रजिस्टरात 'गैरहजर' लिहिताना एकदा विचारा, "कुठं गेला होतास?" एवढंच. २०२१ साली सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढायचं ठरवलं, संत भगवानबाबांच्या नावानं. त्यातली पोरं उद्या आपल्या कॉलेजात येतील. त्यांच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात 'ऊसतोड कामगार' असं लिहिलेलं असावं, असं मला वाटतं. मी माझा फॉर्म दुरुस्त करून दिला. क्लार्क म्हणाले, "दोघांचं कशाला लिहितो, एकाचं पुरतं." मी म्हटलं, "सर, लिहू द्या."

आता शेवटचं. या वर्षी पट्टा पडल्यावर ताई माहेरी आली होती. तिच्या पोरीला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. मी तिला एक्सेलची गोष्ट सांगितली. पंच्याहत्तर हजारांचा आकडाही सांगितला. मला वाटलं ती म्हणेल, 'बहीण-भावात कसला हिशोब,' आणि मग मी रडेन. ती म्हणाली, "पंच्याहत्तर हजार? दे की मंग! कोण नको म्हनायलंय?" आणि इतकी हसली की पोरगी दचकून उठली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पैशे तं देच. पण मला एक सांग, ते सतरा नंबरचा फॉर्म का काय आस्तंय, शाळंत न जाता धाव्वीला बसायचा, त्यो भरता येतो का रे? मपली तं सहावी सुटलीय."

मी म्हटलं, भरता येतो, पाचवी पास असलं की पुरतं, शाळा सोडल्याचा दाखला लागेल.

"किती मार्काला पास?"

"पस्तीस."

"मंग पस्तीसच पाडते. जास्ती काय करायचेत?"

दाखला शोधायला आम्ही दोघं झेडपीच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढं 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं : सतत गैरहजर. ताईनं ते दोनदा वाचलं, बोट ठेवून. काही बोलली नाही. सरांनी दाखला लिहून दिला, ताईनं सही केली, मराठीत, पूर्ण नावानं.

फॉर्म भरून झालाय. गणिताची पुस्तकं मी माझी जुनी दिलीत, पानं जरा सुटलीत. येत्या हंगामात ती ती फडावर घेऊन जाणार आहे. रात्री कोपीवर मोबाईलच्या उजेडात किती होईल ते माहीत नाही. रविवारी फोनवर मी तिला गणित शिकवायचं असं ठरलंय. पंच्याहत्तर हजारही द्यायचेत, नोकरी लागली की पहिल्यांदा तेच. ते दिल्यावरही थोडं राहील, ते आम्हाला दोघांनाही माहीत आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी